रोहित पक्ष्याचे नातलग कोण? पिसांतील उवांची साक्ष आणि एक लांबलेला वाद

पावसाळा सरला की कच्छच्या रणापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत आणि पूर्वेकडे चिल्का-पुलिकतच्या सरोवरांपर्यंत उथळ, खाऱ्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. सालिम अली यांनी १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात जाऊन मातीच्या बुटक्या घरट्यांनी भरलेली त्यांची विणीची वसाहत पाहिली आणि तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून ‘फ्लेमिंगो सिटी’ हे नाव भारतीय पक्षिनिरीक्षकांच्या ओठांवर आहे. हा पक्षी सर्वांच्या ओळखीचा. तरीही तो नेमका कोणाच्या कुळातला, या प्रश्नाने प्राणिशास्त्रज्ञांना जवळजवळ दीडशे वर्षे झुलवले. त्या वादातील सर्वांत विलक्षण साक्षीदार त्याच्याच पिसांत राहत होते. ते म्हणजे मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या उवा.

ऊ म्हटले की माणसाच्या केसांतली, रक्त पिणारी ऊ डोळ्यांसमोर येते. पक्ष्यांवरच्या उवा त्यांची दूरची भावंडे आहेत. पण त्यांपैकी बहुतेकींचे तोंड टोचण्याचे नसून चावण्याचे असते. पिसांचा मऊ भाग आणि त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न. काही जाती मात्र रक्तही घेतात. बदके व हंस यांच्यावर आढळणारी ‘ट्रायनोटॉन’ ही मोठी, चपळ ऊ त्यांपैकी एक. हंसांच्या हृदयात वाढणारा एक सूत्रकृमी या उवेमार्फत एका पक्ष्यातून दुसऱ्यात जातो, हे १९७६ मध्ये दाखवले गेले. ऊ ही केवळ उपद्रव देणारी नसून रोगाची वाहकही असू शकते, हे त्यातून कळले.

पाणपक्ष्यांच्या पिसांत राहूनही ही ऊ बुडत नाही, याचे कारण पिसाच्या रचनेत आहे. पिसाच्या तंतूंवरील सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकून एक घट्ट जाळे तयार होते. चोचीने केलेल्या निगेमुळे ते सलग राहते आणि पाणी आत शिरत नाही. त्याखाली हवेचा एक कोरडा थर अडकून राहतो. पक्षी पाण्यावर तरंगत असताना ऊ या थरात सुरक्षित असते. तिचा खरा शत्रू पाणी नव्हे, तर चोच. पक्षी दिवसाचा बराच वेळ पिसे साफ करण्यात घालवतो आणि चोचीत सापडेल ती ऊ चिरडली जाते. म्हणून पंखांवर राहणाऱ्या उवा लांबट आणि सडपातळ झाल्या आहेत. दोन तंतूंमधील खाचेत त्या काडीसारख्या पडून राहतात. डोक्यावर व मानेवर चोच पोचत नाही. तिथल्या उवा गोलसर आणि मंद असतात. बदकांवरचा ‘अनॅटिकोला’ हा गट पहिल्या घडणीचा, तर ‘अनॅटोइकस’ दुसऱ्या.

याच पिसांत माइट नावाचे आणखी एक सूक्ष्म बिऱ्हाड असते. आठ पायांचे हे जीव कोळ्यांच्या नात्यातले. शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात, तोही माइटच. काही माइट पिसाच्या पृष्ठावर ओळीने बसतात, काही पिसाच्या पोकळ दांड्यात राहतात, तर काही थेट नाकपुड्यांत. पिसांवरच्या माइटांच्या पोटातील अन्नाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की त्यांत प्रामुख्याने बुरशी व जिवाणू सापडतात. त्यांना लुटारू म्हणण्यापेक्षा सफाई कामगार म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

उवेचे मात्र एक वैशिष्ट्य असे आहे, की त्यामुळे ती इतिहासकाराच्या कामी येते. तिला पंख नाहीत. तिच्या आयुष्यातील कोणतीही अवस्था पक्ष्याबाहेर जात नाही. लिखा पिसाच्या तंतूला चिकटवलेल्या असतात, पिल्ले त्याच पिसांत वाढतात आणि पक्ष्यापासून दूर झालेली ऊ काही दिवसांतच मरते. घरट्यात आईबापांच्या अंगावरून ती पिल्लांच्या अंगावर जाते. घराण्यातील दागिना पिढ्यान्‌पिढ्या उतरत यावा, तशी ऊ पक्ष्यांच्या कुळात उतरत येते. मग एका पक्षिजातीच्या दोन जाती झाल्या, तर त्यांच्यावरील उवांच्याही कालांतराने दोन जाती व्हाव्यात, असे अनुमान निघते. या एका अनुमानावर पुढे एक संपूर्ण विद्याशाखा उभी राहिली.

तिची सुरुवात कुतूहलातून झाली. झाकलेल्या भांड्यातील मांसात अळ्या पडत नाहीत, हे दाखवणारे इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ च्या आपल्या ग्रंथात अनेक पक्ष्यांवरच्या उवांची चित्रे छापली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली ती रूपे त्या काळच्या वाचकांना अजब वाटली असतील. लिनियस यांनी १७५८ मध्ये हंस-बदकांवरच्या काही उवांना शास्त्रीय नावे दिली. जर्मनीतील ख्रिस्तियन निट्श यांनी १८१८ मध्ये चावणाऱ्या उवांचा स्वतंत्र गट मांडला. इंग्लंडमध्ये हेन्री डेनी यांनी १८४२ मध्ये ब्रिटिश उवांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बीगलच्या सफरीहून परतलेले चार्ल्स डार्विन त्यांच्याशी उवांविषयी पत्रव्यवहार करीत होते. जातींच्या उत्पत्तीचा विचार मनात घोळत असलेल्या माणसाला इतक्या क्षुद्र जीवाचे अगत्य का वाटावे, याचे उत्तर पुढील पन्नास वर्षांत मिळाले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हर्नन केलॉग हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या उवा गोळा करीत होते. १८९६ मध्ये त्यांनी एक कोडे मांडले. अमेरिकेतील आणि युरोपातील पक्षी वेगळ्या जातींचे, मध्ये महासागर. तरीही दोघांवर एकच जातीची ऊ कशी? ऊ तर उडत नाही, पोहत नाही. केलॉग यांचे उत्तर असे, की हे पक्षी एका पूर्वजापासून वेगळे झाले तेव्हा तीच ऊ दोघांबरोबर गेली. पक्षी बदलले, ऊ फारशी बदलली नाही, कारण तिचे जग बदललेच नव्हते. पिसांची ऊब तीच होती आणि अन्नही तेच. पुढे १९१३ मध्ये जर्मनीतील हाइन्रिख फारेनहोल्त्स यांनी परजीवींच्या नात्यांवरून यजमानांची नाती वाचता येतात, हे तत्त्व अधिक ठामपणे मांडले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तत्त्व आकर्षक होते, आणि त्यातच धोका होता. ऑस्ट्रेलियाचे लॉन्सलॉट हॅरिसन यांनी न्यूझीलंडच्या किवी पक्ष्यावरील उवा तपासल्या, तेव्हा त्या पाणकोंबडीच्या कुळातील पक्ष्यांवरच्या उवांशी जुळल्या. मग किवी पाणकोंबड्यांचा नातलग मानावा काय? तसा निष्कर्ष काढलाही गेला. आज आपण जाणतो, की किवी शहामृग व एमू यांच्या बाजूचा पक्षी आहे. म्हणजे उवा कधीकधी घर बदलतात. दागिना नेहमी वारशानेच येतो असे नाही. तो उसना येऊ शकतो.

हीच अडचण रोहिताच्या बाबतीत उभी राहिली, आणि अधिक तीव्रतेने. या पक्ष्याकडे तुकड्यातुकड्यांनी पाहिले तर प्रत्येक तुकडा वेगळ्या कुळाकडे बोट दाखवतो. पाय आणि मान करकोच्यासारखी लांब. बोटांमध्ये बदकासारखा पडदा. आवाज हंसांच्या कलकलाटासारखा. चोच मात्र कोणासारखीच नाही. मध्येच वाकलेली, पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळण्यासाठी उलटी धरून वापरली जाणारी. थॉमस हक्सली यांनी १८६७ मध्ये पक्ष्यांचे वर्गीकरण करताना रोहिताला बदके व करकोचे यांच्या बरोबर मध्ये, स्वतःच्या वेगळ्या गटात ठेवले. तो निर्णय प्रामाणिक होता, पण त्यातून उत्तर मिळाले नाही.

उवांचे अभ्यासक या वादात उतरले तेव्हा त्यांच्याकडे ठोस काही होते. रोहितावर उवांचे चार गट सापडतात. त्यांपैकी एक अनेक प्रकारच्या पक्ष्यांवर आढळत असल्याने निरुपयोगी. उरलेले तीन म्हणजे अनॅटिकोला, अनॅटोइकस आणि ट्रायनोटॉन. हे तिन्ही जगात इतरत्र केवळ बदके, हंस आणि त्यांच्या भाऊबंदांवरच राहतात. करकोच्यांवर नाहीत, बगळ्यांवर नाहीत. एक गट जुळला असता तर योगायोग म्हणता आले असते. पंखांवरचा, डोक्यावरचा आणि सर्व अंगावर धावणारा असे तीन वेगळ्या घडणीचे गट एकाच दिशेने बोट दाखवत होते. युगांडात काम केलेले कीटकशास्त्रज्ञ जी. एच. ई. हॉपकिन्स यांनी १९४२ मध्ये पक्ष्यांच्या वर्गीकरणासाठी उवांचा उपयोग कसा होतो, हे विस्ताराने मांडले. मिरियम रॉथ्सचाइल्ड व थेरेसा क्ले यांच्या १९५२ मधील पक्ष्यांच्या परजीवींवरील पुस्तकाने रोहिताचे उदाहरण सामान्य वाचकांपर्यंत नेले. उवांचा कौल स्पष्ट होता: रोहित हा बदकांचा नातलग.

या इतिहासाचा एक धागा भारतातून जातो. थेरेसा क्ले या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील उवांच्या अग्रगण्य अभ्यासक. हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी १९५२ मध्येच तयार केलेली चावणाऱ्या उवांची जागतिक सूची पुढील पन्नास वर्षे प्रमाण मानली गेली. त्यांच्या संग्रहयात्रांचे सोबती होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन. १९३७ मध्ये हे दोघे अफगाणिस्तानात गेले, तेव्हा सालिम अली त्यांच्याबरोबर होते. याच सुमारास भारतीय उपखंडातही हे काम आकार घेत होते. अलीगढमध्ये एम. ए. एच. कादरी यांनी उत्तर भारतातील पक्ष्यांच्या उवांचा अभ्यास केला, लायलपूरला एम. ए. आर. अन्सारी यांनी पंजाबातील पक्ष्यांच्या, आणि स्वातंत्र्यानंतर लखनौ विद्यापीठातील बी. के. टंडन यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या उवांवर लेखमालाच लिहिली. हे काम पक्षिनिरीक्षणासारखे मोहक नव्हते. पक्षी हातात आल्यावर तो थंड होण्याआधी पिसे विंचरायची, सापडलेली ऊ काचपट्टीवर बसवायची आणि चिठ्ठी लिहायची: कोणता पक्षी, कोठे, केव्हा, कोणी.

ही चिठ्ठी हाच या शास्त्राचा प्राण आहे. चिठ्ठी नसलेली ऊ म्हणजे नाव-गाव नसलेला साक्षीदार. आणि चिठ्ठी खरी असली तरी धोका संपत नाही. शिकारीत पडलेले दोन पक्षी एकाच पिशवीत टाकले, तर मरणाऱ्या पक्ष्यावरील उवा उबेच्या शोधात दुसऱ्यावर चढतात. संग्रहालयाच्या एका खणात ठेवलेल्या सुक्या कातड्यांमधूनही मेलेल्या उवा एकीवरून दुसरीवर सांडू शकतात. मग बदकाची ऊ रोहिताच्या नावावर लागायला वेळ लागत नाही.

चिठ्ठीच खोटी असेल तर? माइनर्ट्झहेगन यांनी आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी आणि पुढे पामेला रासमुसेन व रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी त्या संग्रहाची कसून तपासणी केली. त्यांतील कित्येक नमुने इतरांच्या संग्रहांतून चोरून, खोट्या ठिकाणांच्या व तारखांच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले निघाले. या फसवणुकीचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. रानपिंगळा हे घुबड गुजरातेतील मांडवीजवळ १९१४ मध्ये आपण मिळवले, असा माइनर्ट्झहेगन यांचा दावा होता. प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला, संग्रहालयातून लांबवलेला होता. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी तो खोटा दावा बाजूला सारून जुन्या, अस्सल नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात नामशेष समजला गेलेला रानपिंगळा जिवंत सापडला. एक खोटी चिठ्ठी शोधाला किती दूर भरकटवू शकते आणि एक खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही कशी वाट दाखवते, याचा हा धडा. माइनर्ट्झहेगन यांनी पक्ष्यांइतक्याच उत्साहाने उवाही जमवल्या होत्या; त्यामुळे त्यांच्या नावावरच्या उवांकडेही सावधपणे पाहावे लागते. सुदैवाने रोहिताचा युक्तिवाद एका माणसाच्या संग्रहावर उभा नव्हता. त्या उवा अनेकांनी, अनेक देशांत, एकोणिसाव्या शतकापासून पुनःपुन्हा पाहिल्या होत्या.

भारतात पक्ष्यांच्या अंगावरील जीवांकडे शासनाचे लक्ष वळले ते मात्र वेगळ्याच कारणाने. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना तीव्र तापाने गाठले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला विषाणू रशियातील गोचिडींमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या कुळातला निघाला. साहजिकच शंका आली, की सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींनी तो आणला असेल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली व मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये पक्ष्यांना कडी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. भरतपूरच्या पाणथळीत येणारी बदके त्यात मोठ्या संख्येने पकडून सोडण्यात आली. देशातील पक्षिस्थलांतराच्या ज्ञानाचा पाया त्यातून घातला गेला. मात्र पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. विषाणूची मुख्य वाहक त्याच जंगलातील स्थानिक गोचीड होती. ऊ आणि गोचीड यांच्या साक्षीत मूलभूत फरक आहे. ऊ पक्ष्याच्या कुळाबरोबर राहते; गोचीड काही दिवस रक्त पिऊन गळून पडते. एकीकडून वंशावळ विचारावी, दुसरीकडून प्रवासाची वाट; आणि दोघींच्याही उत्तरांना स्वतंत्र दुजोरा हवा.

रोहिताच्या उवांना असा दुजोरा मिळत नव्हता. १९७६ मध्ये ॲलन फेदुशिया यांनी हाडांच्या रचनेवरून रोहिताचे नाते शेकाट्यासारख्या किनारपक्ष्यांशी जोडले. त्याच शतकाच्या अखेरीस रेणूंच्या पुराव्याने एक गोष्ट जवळजवळ निर्विवाद केली: बदकांचे सर्वांत जवळचे नातलग कोंबड्या, मोर व तितर यांचे कूळ. हे दोन्ही मिळून पक्षिवृक्षाच्या एका जुन्या फांदीवर बसतात आणि रोहित त्या फांदीवर नाही. उवांचा कौल खोटा ठरला, असेच सर्वांना वाटले. मग त्यांच्या साम्याचा अर्थ लावण्यासाठी सोपे स्पष्टीकरण पुढे आले: रोहित आणि बदके एकाच पाणथळीत राहतात, उवा बदकांवरून रोहितांवर गेल्या असणार. ज्या पुराव्यावर हॉपकिन्स व क्ले यांनी इतका विश्वास टाकला, तो उसन्या दागिन्याच्या सदरात जमा झाला.

२००१ मध्ये मार्सेल व्हान टुइनेन, ब्लेअर हेजेस व सहकाऱ्यांनी पाणपक्ष्यांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली आणि एक अनपेक्षित जोडी समोर आली. रोहिताचा सर्वांत जवळचा नातलग निघाली टिबुकली! गावतळ्यात दिसणारी, मुठीएवढी, क्षणात बुडी मारून दुसरीकडे डोके काढणारी टिबुकली आणि तिचे भाऊबंद. एकाचे पाय काठ्यांसारखे लांब, दुसरीचे जमिनीवर धड चालता न येण्याइतके मागे सरकलेले. बाह्यरूपाने इतके विजोड दोन पक्षी एका पूर्वजाचे वंशज आहेत, हे पचवणे कठीण होते. पण शोध सुरू झाल्यावर जुळणाऱ्या खुणा सापडू लागल्या. गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये सांगाड्यातील समान वैशिष्ट्ये दाखवली. दोघांच्या अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो, याकडेही लक्ष वेधले. आणि एक साक्षीदार तर आतड्यात बसला होता: फीतकृमींचे एक छोटे कूळ असे आहे, की ते केवळ टिबुकलीच्या कुळातील पक्ष्यांत आणि रोहितांतच वाढते. ही नोंद ग्रंथांत होती. तिचे मोल जाणवण्याची वेळ आली नव्हती.

आता उवांना पुन्हा बोलावणे भाग होते. केव्हिन जॉन्सन, मार्टिन केनेडी व केव्हिन मॅक्रॅकन यांनी २००६ मध्ये रोहित, टिबुकल्या व बदके यांच्यावरील उवांच्या डीएनएवरून उवांची स्वतंत्र वंशावळ काढली आणि ती पक्ष्यांच्या वंशावळीशेजारी ठेवली. तर्क साधा होता. उवा बदकांवरून रोहितांवर गेल्या असतील, तर रोहिताच्या उवा बदकांच्या उवांच्या फांदीवरील एक कोवळी डहाळी म्हणून दिसाव्यात. उलट घडले असेल, तर बदकांच्या उवा रोहित-टिबुकलीच्या उवांच्या जुन्या फांदीतून फुटलेल्या दिसाव्यात. चित्र दुसरे निघाले. रोहित व टिबुकली यांच्या उवा एकमेकींच्या जवळच्या आहेत, कारण त्यांचे यजमान एका पूर्वजाचे आहेत. आणि बदकांशी असलेले साम्य घर बदलण्यातूनच आले आहे. पण ती चाल रोहितावरून बदकांवर झाली होती. शतकभर ज्याला उधार घेणारा समजले, तोच देणारा ठरला.

हॉपकिन्स आणि क्ले यांची निरीक्षणे यात कोठेही चुकली नव्हती. रोहित व बदके यांच्या उवांचे नाते खरोखरच जवळचे होते. चूक झाली ती त्या नात्याचा एकच अर्थ गृहीत धरण्यात. टिबुकलीच्या उवा लांबट, वेगळ्या रूपाच्या असल्याने त्या रांगेत कोणी उभ्याच केल्या नव्हत्या. पुढे ज्यांनी उवांची साक्ष फेटाळली, त्यांनीही चालीची दिशा न तपासताच ठरवून टाकली. दोन्ही पक्षांकडे पुरावा तोच होता. अपुरी होती ती तुलना.

डीएनए आला म्हणून असे प्रमाद संपले, असे समजण्याचे कारण नाही. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून काढलेल्या वृक्षात रोहित-टिबुकली यांची जोडी कबुतरांच्या शेजारी बसवली गेली. २०२४ मध्ये ३६३ जातींच्या जनुकसंचांवरून नवा वृक्ष आला आणि कबुतरांची ती जवळीक टिकली नाही. सियावश मिरारब व सहकाऱ्यांनी त्याचे कारणही दाखवले: एका गुणसूत्राचा एक सलग तुकडा फार पूर्वी दीर्घ काळ नेहमीच्या सरमिसळीपासून वंचित राहिला होता, आणि त्या एकाच तुकड्याने आधीच्या हिशेबाला चुकीच्या दिशेने ओढले होते. अफाट विदा हाती असतानाही एक कोपरा सगळ्यांना फसवू शकला. या सर्व उलथापालथीत रोहित आणि टिबुकली यांचे नाते मात्र अबाधित राहिले.

हा इतिहास लिहिता आला तो उवा पिसांत होत्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या कोणी जपल्या होत्या म्हणून. दोन्ही गोष्टी गृहीत धरण्यासारख्या नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडोर हे गिधाड नामशेष होण्याच्या काठावर होते, तेव्हा १९८७ पर्यंत उरलेले सर्व पक्षी पकडून बंदिवासात वाढवण्यात आले. काळजीपोटी त्यांच्यावरील उवाही औषध मारून काढल्या गेल्या. पक्षी वाचला आणि आज पुन्हा आकाशात उडतो. त्याच्यावरच राहणारी उवेची एक जात मात्र त्या उपचारात कायमची संपली. एका जातीच्या रक्षणात दुसरी नष्ट झाली आणि तिच्याबरोबर तिच्याकडे असलेला कुळाचा दाखलाही गेला.

आज उवा मिळवण्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. कडी घालण्यासाठी हातात घेतलेल्या बदकाच्या पिसांत सौम्य कीटकनाशक पूड भुरभुरून ती कागदावर झटकली, की काही मिनिटांत नमुना मिळतो आणि पक्षी उडून जातो. ती कागदावर पडलेली ऊ मद्यार्काच्या कुपीत जाते; कुपीवर पक्ष्याचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिले जाते. अलीगढ, लायलपूर आणि लखनौ येथील अभ्यासकांनी याहून अधिक काही केले नव्हते. टिबुकलीची अशीच एखादी जुनी कुपी रोहिताच्या कुपीशेजारी ठेवून पाहायला शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली.